सीताबर्डीचें पदक

नागपूरच्या स्टेशनांतून सीताबर्डीच्या बाजूस बाहेर पडलें, कीं थोड्याच अंतरावर एक बुटकी, लांबट टेकडी दिसते. तिच्यावर तटबंदी आहे, लष्कराचा पहारा आहे. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन अशा वर्षांतील मोजक्याच दिवशीं सामान्य माणसाला तेथें वर जातां येतें. एरवीं पायथ्याच्या बाजारांत भाजी, कापड, पुस्तकें घ्यावयास येणाऱ्या नागपूरकराची नजर त्या तटाकडे सहसा जात नाहीं. डोळ्यांसमोरच्या वस्तूचें असें होतेंच.

आज ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें योजिलें आहे, ती मात्र ह्या टेकडीहून पुष्कळच लहान आहे. तळहातावर सहज मावेल असें तें रुप्याचें वाटोळें पदक आहे. तें फिकट निळ्या फितीला अडकविलेलें असतें. एका बाजूस व्हिक्टोरिया राणीचें मुख. दुसऱ्या बाजूस बसलेली विजयदेवता, जवळ ताडाच्या जातीचें झाड आणि शस्त्रांची रास. वर ‘हिंदुस्थानच्या सैन्यास’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर, आणि खालीं १७९९ ते १८२६ हीं सालें. नक्षी विल्यम वायन ह्या नामांकित कारागिराची. पदक आणि फीत यांच्यामध्यें रुप्याच्या आडव्या पट्ट्या बसवीत आणि एकेका पट्टीवर एकेका रणाचें नांव कोरलेलें असे. अशा एका पट्टीवर आपल्या सीताबर्डीचें नांव आहे, दुसरीवर नागपूरचें. आणि जो दोन्ही ठिकाणीं लढला त्याच्यासाठीं दोन्ही नांवें जोडलेली तिसरी पट्टी आहे.

सालांच्या बाबतींत ह्या पदकांत एक गंमत आहे. आरंभाचें साल १७९९ घातलें आहे खरें, परंतु पट्ट्यांत जी सर्वांत जुनी लढाई आहे ती १८०३ सालची. मधल्या चार वर्षांची एकहि लढाई नाहीं. सरकारी टांकसाळींतून निघालेल्या धातूवर देखील चुकीचा आंकडा उमटूं शकतो, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पट्ट्या एकंदर एकवीस. नेपाळ, ब्रह्मदेशांतील आवा आणि भरतपूर ह्या तीन सोडल्या, तर बाकीच्या अठराच्या अठरा शिंदे, होळकर, भोसले किंवा पेशवे यांच्याशीं व त्यांच्या साथीदारांशीं झालेल्या युद्धांच्या आहेत. अलीगड, दिल्ली, असई, अशीरगड, लासवारी, अडगांव, गाविलगड, डीग. पुढें खडकी, पुणें, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगांव. मराठी राज्याचा अस्त कोणत्या क्रमानें झाला हें ज्याला एका दृष्टिक्षेपांत पाहावयाचें असेल, त्यानें ही यादी वाचावी. आमच्या शाळांतून सनावळ्या पाठ करवून घेतात. त्यांपेक्षां ही यादी मनावर अधिक ठसते असें मला वाटतें. आपल्या पराभवांची इतकी व्यवस्थित नोंद जेत्यानें रुप्यांत करून ठेवली आहे! नागपूरकर भोसल्यांपुरतें बोलावयाचें, तर असई, अडगांव व गाविलगड येथें दुसऱ्या रघूजींचें सैन्य होतें. सीताबर्डी व नागपूर येथें आप्पासाहेबांचें.

आतां हें पदक मिळालें केव्हां? लढाई झाली १८१७ सालीं, आणि पदकाची मंजुरी निघाली १८५१ सालीं. चौतीस वर्षें! स्पेनच्या द्वीपकल्पांत नेपोलियनच्या सैन्याशीं लढलेल्या म्हाताऱ्या गोऱ्या शिपायांना १८४७ सालीं उशिरानें कां होईना पदक मंजूर झालें. त्यावर हिंदुस्थानांत लढलेल्यांनीं काय पाप केलें, अशी विचारणा होणें स्वाभाविकच होतें. शेवटीं ईस्ट इंडिया कंपनीनें स्वतःच्या खर्चानें हें पदक काढलें. परंतु अट अशी, कीं शिपाई हयात पाहिजे आणि त्यानें स्वतः मागणी केली पाहिजे. १८१७ सालीं जो वीस वर्षांचा होता तो आतां चौपन्न वर्षांचा झालेला. कॉलरा, हिंवताप आणि पुढच्या लढाया ह्यांतून जगला तो पदकाचा धनी. मेला त्याचें शौर्य जमेस नाहीं, आणि त्याच्या बायकामुलांनाहि तें मागण्याचा हक्क नाहीं. सर्व मिळून साडेचार हजारांच्या आसपास पदकें वांटलीं गेलीं, आणि त्यांत मोठा भरणा गोऱ्यांचा. नुसत्या सीताबर्डीची पट्टी असलेलीं पदकें गोऱ्यांतहि बोटांवर मोजण्याइतकींच निघालीं. म्हणूनच जुन्या पदकांच्या शोकिनांत त्यांना फार मान आहे.

एका बाबतींत मात्र ह्या पदकाचा गौरव केला पाहिजे. श्रीरंगपट्टण १७९९ सालीं पडलें तेव्हां कंपनीनें जीं पदकें पाडलीं, त्यांत दर्जाप्रमाणें धातु ठरविलेली होती. वरिष्ठांना सोनें, त्याखालीं सोन्याचा मुलामा, मग रुपें, मग कांसें, आणि साध्या देशी शिपायाला कथील! १८५१ च्या पदकांत जनरलाला जें रुपें, तेंच शिपायाला. एवढी समता तरी अर्ध्या शतकानें साधली.

आतां त्या टेकडीवर जाऊं. १८१७ च्या नोव्हेंबर महिन्याची ही गोष्ट. आप्पासाहेब भोसल्यांनीं आदल्या वर्षींच इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केलेला होता. परंतु पांच नोव्हेंबरला पुण्याजवळ खडकीस पेशव्यांनीं शस्त्र उचललें, आणि चोवीस नोव्हेंबरला आप्पासाहेबांनीं नागपुरास भर दरबारांत पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाचीं वस्त्रें नि जरीपटका स्वीकारला. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स ह्याला त्या समारंभाचें निमंत्रण होतें. तो गेला नाहीं. वय अवघें बत्तीस, पण माणूस थंड डोक्याचा. पंचवीस तारखेस त्यानें तेलंगखेडीच्या बाजूस असलेली आपली पलटण रेसिडेन्सीजवळ बोलावून घेतली, आणि लेफ्टनंट कर्नल हॉपन्टन स्कॉट ह्यानें सीताबर्डीच्या दोन्ही टेकड्यांवर ठाणें दिलें. दक्षिणेची टेकडी मोठी, उत्तरेची लहान, आणि पलीकडे अगदीं अंगाला भिडलेलीं शहराच्या बाजूचीं घरें, झोंपड्या, भिंती.

इंग्रजांकडे होतें काय? मद्रासच्या विसाव्या आणि चोविसाव्या पलटणींच्या एकेक बटालियनी, त्याहि आजारानें खंगलेल्या; बंगालच्या सहाव्या रिसाल्याच्या तीन तुकड्या; रेसिडेंटाच्या रखवालीच्या दोन कंपन्या; आणि सहापौंडी चार तोफा. एकूण माणूस तेराचौदाशें. समोर आप्पासाहेबांची फौज अठरा हजारांच्या घरांत, त्यांत तीनचार हजार अरब. हे अरब म्हणजे त्या काळच्या दक्षिणेंतील कसलेलें पायदळ. घरांच्या आडोशानें लढण्यांत त्यांचा हात कोणी धरीत नसे.

सव्वीस तारखेस सूर्यास्ताच्या सुमारास अरबांनीं गोळीबार सुरू केला. सारा जोर लहान टेकडीवर. तेथें चोविसाव्या पलटणीचे सुमारें तीनशें तिलंगे आणि एक तोफ. तिलंगे म्हणजे मद्रासचे शिपाई. आपल्या इकडे जुन्या कागदांतून त्यांना हेंच नांव आहे. त्यांचा कप्तान सॅडलर पडला. लढाई रात्रभर चालली. मध्यरात्रीनंतर जोर कांहींसा ओसरला, पण थांबली नाहीं. पहांटेस ह्या थकलेल्या माणसांना मागें घेऊन त्यांच्या जागीं रखवालीचे लोक ठेविले. आणि सकाळीं नवाच्या सुमारास लहान टेकडी अरबांच्या हातीं पडली. तेथून त्यांनीं मोठ्या टेकडीवर तोफ डागली. रेसिडेंटाचा पहिला मदतनीस सॉथबी हा त्या माऱ्यांत ठार झाला. पाठीमागें अरब शिपायांच्या झोंपड्यांपर्यंत जाऊन भिडले होते. मद्रासी शिपाई बायकापोरें बरोबर घेऊन फिरत; त्यांच्या किंकाळ्या वर लढणाऱ्यांच्या कानीं येऊं लागल्या. माझ्या मतें ह्या लढाईंतील खरी निर्वाणीची घटका ती. इंग्रज इतिहासकार तिचें वर्णन दोन ओळींत आटोपतात आणि घोडेस्वारांकडे वळतात.

घोडेस्वारांची हकीकत अर्थात् बहारीचीच आहे. कप्तान चार्ल्स फिट्झजेराल्ड हा रेसिडेन्सीच्या आवारांत आपले तीन तुकड्यांचे स्वार घेऊन उभा होता. त्यानें हल्ल्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. पुन्हां मागितली, तेव्हां कर्नलाचा निरोप आला, कीं हल्ला करशील तर त्याचें बरेंवाईट तुझ्या शिरावर. फिट्झजेराल्डनें तेवढेंच पुरे मानलें. तो मैदानांतील मराठी घोडदळावर तुटून पडला, दोन तोफा काबीज केल्या, आणि त्याच त्यानें शत्रूवर फिरविल्या. हा देखावा टेकडीवरचे शिपाई पाहात होते. इतक्यांत लहान टेकडीवर दारूच्या पेटाऱ्याचा स्फोट झाला. अरबांत गोंधळ उडाला, आणि मोठ्या टेकडीवरील लोक एकदम खालीं धांवत जाऊन त्यांना भिडले. दुपारपर्यंत सर्व संपलें. इंग्रजांकडील मेलेले व जखमी मिळून साडेतीनशेंहून अधिक होते. म्हणजे दर चारांत एक.

आप्पासाहेबांनीं लगेच निरोप धाडला, कीं लढाई आपल्या हुकुमावांचून झाली. त्यावर कोणी विश्वास ठेविला नाहीं, आणि ठेवण्याजोगें कारणहि नव्हतें. पुढच्या कांहीं दिवसांत इंग्रजांची कुमक येऊन पोहोंचली. एकोणतीस तारखेस गाहन, बारा डिसेंबरला जनरल डव्हटन. सोळा डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः रेसिडेन्सींत येऊन बसले, आणि त्यांच्या मागें त्यांचें सैन्य तोफा सोडीना म्हणून त्याच दिवशीं दुसरी लढाई झाली. ‘नागपूर’ नांवाची पट्टी ती ह्या दिवसाची. फौज मोडली, परंतु अरब शहरांत राजवाड्याभोंवतीं ठाण मांडून बसले. मनभटाच्या नांवाशीं जोडलेला तो प्रतिकार. चोवीस डिसेंबरला जुम्मा दरवाजावर केलेला इंग्रजांचा हल्ला फसला. ज्याला आज आपण गांधीसागर म्हणतों, त्या जुम्मा तलावाच्या कांठचीच ही हकीकत. अखेर डिसेंबर सरतां सरतां अरब अटी ठरवून, शस्त्रांसह, शहराबाहेर पडले. त्या फसलेल्या हल्ल्याची पट्टी अर्थातच कोणी काढली नाहीं.

आतां ज्यांच्यासाठीं मुख्यतः मीं हा विषय घेतला त्या चोविसाव्या पलटणीकडे येतों. ही पलटण मूळची चोविसावी नव्हती. तिचा आंकडा एक होता. मद्रास सैन्यांतील पहिली पलटण! १८०६ सालीं वेल्लोरास शिपायांना नवी टोपीवजा पगडी घालण्याचा, दाढ्या काढण्याचा, कपाळावरील गंध पुसण्याचा हुकूम झाला. दहा जुलैच्या पहांटे शिपाई उठले, किल्ल्यांतील गोऱ्यांची कत्तल झाली, आणि त्याच दिवशीं आर्काटाहून आलेल्या स्वारांनीं बंडाचा त्याहून भयंकर सूड घेतला. त्या उठावांत पहिल्या पलटणीचे लोक होते. सरकारनें त्या पलटणीचें नांव यादींतून पुसून टाकलें. पलटण नव्यानें उभारली गेली, ती शेवटच्या आंकड्यांत, चोविसावी म्हणून.

सीताबर्डीच्या रात्रीनंतर सेनापतीनें विचारिलें असावें, कीं तुम्हांला बक्षीस काय द्यावें. किंवा न विचारतांच त्यांनीं मागितलें असेल. त्यांनीं पैसा मागितला नाहीं. आपला जुना आंकडा आणि जुन्या गणवेषाच्या कडांचा रंग परत मिळावा, एवढीच विनंति केली. ती मान्य झाली. अकरा वर्षें डोक्यावर घेऊन फिरलेला कलंक त्यांनीं एका टेकडीवर तीनशेंतलीं कित्येक माणसें देऊन धुतला.

ह्या गोष्टीकडे आपण कोणत्या दृष्टीनें पाहावें? आपल्यापैकीं कोणी म्हणेल, कीं भोसल्यांच्या राज्यावर गोळ्या झाडणाऱ्या भाडोत्री शिपायांचें हें कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु भोसल्यांच्या बाजूनें जे सर्वांत निकरानें लढले ते अरब तरी नागपूरचे कोठें होते? दोन्हीकडे पोटासाठीं परमुलखांत आलेलीं माणसें होतीं; एकाकडे पगार वेळेवर मिळे, आणि दुसरीकडे तो थकलेला असे. एवढ्या एका फरकानें त्या काळच्या कित्येक लढायांचा निकाल ठरविला आहे. आणि वेल्लोरास ज्यांनीं गंध पुसूं दिलें नाहीं आणि सीताबर्डीस ज्यांनीं इंग्रजाचें निशाण राखलें, ते एकाच पलटणीचे लोक, हें ध्यानांत घेतलें म्हणजे राजनिष्ठ आणि बंडखोर हीं दोन लेबलें किती तोकडीं आहेत तें कळतें.

ह्या शिपायांचीं चरित्रें मात्र आपणांस ठाऊक नाहींत. जेंकिन्सचें चरित्र सांपडतें. तो ‘सर’ झाला, १८३९ सालीं कंपनीच्या संचालकमंडळाचा अध्यक्ष झाला, नागपूर प्रांतावर त्यानें लिहिलेला १८२७ चा अहवाल आजहि अभ्यासकांना उघडावा लागतो. शिपायानें स्वतःची कथा लिहिल्याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे तें बंगालच्या सुभेदार सीताराम पांडे याचें. तें १८७३ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झालें, आणि तें खरोखर त्याचेंच का, ह्यावर विद्वानांचा वाद चालूच आहे. कोरेगांवच्या स्तंभावर शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत; तेथें जाऊन तीं वाचतां येतात. आणि पदकाच्या कडेवर, फितीखालीं, ज्याला तें मिळालें त्याचें नांव असतें. एखाद्या तिलंग्याचें नांव जगांत जर कोठें धातूंत उरलें असेल, तर तें ह्या कडेवर.

शिपायाच्या कपड्याची आणखी एक आठवण ह्या युद्धाला चिकटली आहे, ती मोठी विलक्षण आहे. १८१८ च्या मार्चांत आप्पासाहेबांना कैद करून प्रयागाकडे नेत होते. वाटेंत जबलपुराजवळ तेरा मेच्या रात्रीं पहारा बदलतांना ते शिपायाचा पोशाख करून, पहारेकऱ्यांच्या रांगेंतून, छावणीबाहेर निघून गेले. पहाऱ्यावरचे कांहीं शिपाईहि त्यांच्याबरोबर गेले. बिछान्यावर उशी पांघरूण घालून ठेवलेली होती. मग महादेवाचे डोंगर, अशीरगड, पंजाब, आणि शेवटीं जोधपूर. तेथें १८४० सालीं ते वारले. ज्या डगल्याशीं लढून राज्य गेलें, तोच डगला अंगावर चढवून राजा सुटला.

१८५१ हें साल आणखी एका कारणानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. सीताबर्डीहून कुमकेचा निरोप गेला तो जासुदाच्या पायांनीं. आणि ज्या सालीं पदक मंजूर झालें, त्याच सालीं डॉक्टर ओशॉनेसी कलकत्त्याहून डायमंड हार्बरपर्यंत विजेच्या तारा नेत होता. हा मूळचा लष्करी डॉक्टर. पुढें १८५७ च्या अकरा मेला दिल्लीच्या तारघरांतून मीरतच्या उठावाची बातमी अंबाल्याकडे गेली ती ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन ह्या दोघां पोरसवदा तारवाल्यांच्या हातून; त्यांचा वरिष्ठ टॉड तार कोठें तुटली तें पाहावयास गेला तो परत आला नाहीं. तारवाल्यांचा स्मारकस्तंभ दिल्लीस उभा राहिला तो १९०२ सालीं. ब्रेंडिश तेव्हां हयात होता, पिल्किंग्टन केव्हांच वारलेला. पंचेचाळीस वर्षें! सीताबर्डीचें चौतिसांवर भागलें म्हणावयाचें.

आणि नागपूरचें काय झालें? तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारले. इंग्लंडांत जेंकिन्स त्याच महिन्याच्या तीस तारखेस वारला. पुढल्या महिन्यांतच डलहौसीनें राज्य खालसा करण्याचा निर्णय लिहून टाकला. बांकाबाईंनीं विनवण्या केल्या; उपयोग झाला नाहीं. राजवाड्यांतील हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलांवांत निघालें. ज्यांनीं तीनच वर्षांपूर्वीं निळी फीत छातीवर लावली ते म्हातारे शिपाई त्या वेळीं कोठल्या कोठल्या खेड्यांत पेन्शन खात बसले असतील.

मद्रासची ती पहिली पलटण मात्र पुढें पुष्कळ वर्षें टिकली. १८८३ सालीं तिला रस्ते, पूल, खंदक खणणाऱ्या पायोनियरांचें काम दिलें. पुढें नव्या क्रमांकांत ती एकसष्टावी झाली. १९२२ च्या पुनर्रचनेंत मद्रास पायोनियरांची पहिली बटालियन. तिच्या मानचिन्हांत सीताबर्डीचें नांव शेवटपर्यंत होतें. १९३३ सालीं काटकसरीच्या धोरणानें पायोनियर पलटणी मोडल्या, तेव्हां तीहि गेली.